विहीर बघायची ती मे महिन्यात

नमस्कार मंडळी! आज मुद्दाम परसात, विहिरीच्या काठावर बसून बोलतेय. महिनाभर तुमच्या कमेंट वाचतेय, आणि त्यातल्या निम्म्या तरी एकच विचारतात: "ताई, रिटायर झाल्यावर कोकणात गावी जाऊन आपल्यापुरतं पिकवून राहायचंय. जमीन किती लागेल? पैसे किती लागतील?"

पटकन होणारं आधी उरकते. आम्ही दोघं महिन्याला दहा किलो तांदूळ खातो, म्हणजे वर्षाला एकशेवीस. बऱ्या वर्षी आम्हाला १० गुंठ्यांत तीनशे किलो भात होतं, ते भरडून दोनशेच्या आसपास तांदूळ. कापणी झाली की त्याच ओलीवर कुळीथ. पावसाळ्यात पडवळ, काकडी, भेंडी, हिवाळ्यात लाल माठ, मुळा, वाल. तेल, साखर, चहा, तूरडाळ विकतच आणतो. औषधं आणि वीजबिल पेन्शनमधून. कागदपत्रांचं म्हणाल तर महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं, आणि वडिलोपार्जित असेल तर वारसनोंद करून सातबाऱ्यावर नाव चढवून घ्या. दवाखाना रात्री गाडीने किती मिनिटांवर आहे, ते स्वतः जाऊन बघा. झालं.

आता पाणी. हे कुणीच विचारत नाही! एका दादांनी तर लिहिलंय, "कोकणात पाण्याला काय तोटा, तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो." पडतो ना. पण जून ते सप्टेंबर. आमची जमीन जांभ्याची, उताराची. पाणी वरून वाहतं नाहीतर जांभ्यातून झिरपून खालच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला लागतं, तिथून खाडीत. मार्च उजाडला की तेच गाव हंडा घेऊन उभं.

आमचंच सांगते. मी ३१ वर्षं मुंबईत शाळेत शिकवलं. रिटायर झाले आणि त्याच गणपतीत आम्ही गावचं घर उघडलं. विहीर काठोकाठ, हात घालून पाणी घ्यावं अशी. लगेच यांनी हौसेने १५ नारळ आणि ४० पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, लावल्या. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "बाव (विहीर) मे म्हैन्यात बगितलात काय?" आम्ही हसलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीचा तळ दिसला. रोज संध्याकाळी हे दोन बादल्या घेऊन उभे, आणि कुठल्या रोपाला घालायचं, कुठलं सोडायचं, ते ठरवायचं. चार नारळ जगले, पोफळ एक नाही. तेही काकींनी त्यांच्या विहिरीचं पाणी दिलं म्हणून.

म्हणून सांगते, जागा बघायला मे महिन्यात या. ऑगस्टमध्ये कोकणातली प्रत्येक जागा सुंदर दिसते, एजंटही तेव्हाच दाखवतात. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी या आणि विहिरीत डोकावा.

नुसतं डोकावूनही भागत नाही, उपसा करून बघा. विहीर दहा फूट व्यासाची असेल तर एक फूट पाणी म्हणजे साधारण बावीसशे लिटर होतात. दोरीला दगड बांधून खोली मोजा. पंप लावून दोन फूट पाणी काढा आणि घड्याळ लावून बसा. सकाळपर्यंत पुन्हा चढलं तर झरा जिवंत आहे. चढलंच नाही तर तुम्हाला दिसत होतं ते नुसतं साठलेलं पाणी, झरा आटलाय. घरमालक कंटाळला तरी चालेल, तुम्ही रात्रभर थांबा.

आणि विहीर बघताना पिणारे कोण ते मोजा. दोन माणसांना धुणंभांडी धरून दिवसाला दोनशे लिटर पुरतात, सवय लागली की दीडशेही पुरतात. आता झाडं घ्या. उन्हाळ्यात एका मोठ्या नारळाला ठिबकने दिलं तरी दिवसाला चाळीस लिटर धरा. २० नारळ म्हणजे आठशे लिटर! एक गाय पाळलीत तर तिचं पिणं आणि गोठ्याची धुलाई वेगळी. म्हणजे माणसं थोडं पितात, बाग पिते. तुमची विहीर मे महिन्यात दिवसाला हजार लिटर देत असेल तर तुमची बाग तेवढ्याचीच. जमीन दोन एकर असली तरी.

"बोअर मारू की" ही कमेंट वाचली की मला खरंच राग येतो. बोअरला पाणी लागेलच असं नाही, पैसे मात्र जातात, आणि खाडीच्या जवळ खारं पाणी लागलं तर ते झाडांच्याही कामाचं नाही. लागलंच तर आजूबाजूच्या विहिरींचं काय होतं, हेही बघा. काकींच्या विहिरीचं पाणी आटवून मी नारळ काढणार नाही.

आम्ही काय केलं? पाऊस थांबल्यावर, व्हाळाला धार असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून बंधारा घातला. खालच्या विहिरींना महिनाभर जास्त पाणी राहिलं. नारळाच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाची सालं, पुरतो, त्यावर पालापाचोळा जाड पसरतो, त्याने ओल टिकते. एक टाकी उंचावर ठेवलीय, कारण पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाईट नसते आणि पंप बंद पडतो. आणि जगलेल्या चार नारळांवर पुढे दरवर्षी दोनच वाढवले. आता दहा आहेत, दहाही उभे.

कल्याणच्या एका जोडप्याने कालच लिहिलंय की जागा फार आवडली, या आठवड्यात टोकन देतोय, विहीर तुडुंब आहे. सप्टेंबर आहे हो! टोकन देऊ नका. मालकाला सांगा, मे महिन्यात येऊन उपसा करतो, मग बोलू. थांबायला तयार नसेल तर त्याच वाडीत चार घरं फिरा आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, एप्रिलमध्ये पाण्याला कुठे जाता म्हणून. त्या खरं सांगतील. मग मला लिहा, मी वाट बघतेय.