घोड्याच्या नळीवरची गाठ

नमस्कार श्रोतेहो.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे घोडा पारखणारा माणूस आधी अंगावरचे भोवरे बघतो, मग ओठ उचलून दात बघतो, मग दुडकी चालवून दाखवायला सांगतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, आतल्या अंगाने बोटे फिरवून पाहणारे मात्र मला फार थोडे भेटले आहेत. भोवऱ्याने घोडा लंगडत नाही. त्या चार बोटांच्या जागेत उठणाऱ्या हाडाच्या गाठीने लंगडतो. या गाठीला आपले घोडेवालेही आता ‘स्प्लिंट’ असेच म्हणतात, आणि आजचे बोलणे तिच्याविषयी आहे.

घोड्याचा पुढचा गुडघा म्हणून आपण जो सांधा दाखवतो, ते खरे तर त्याचे मनगट आहे, आणि त्याखालची नळी म्हणजे आपल्या तळहातातले मधले एकच हाड. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या पूर्वजांना पुढच्या पायाला चार बोटे होती. पुढे एकच बोट आणि त्याचे नख, म्हणजे खूर, तेवढे जमिनीला टेकायचे राहिले आणि शेजारच्या दोन बोटांची हाडे नळीच्या मागे दोन्ही अंगांना काडीसारखी चिकटून उरली. ही काडीहाडे वर जाड असतात आणि खाली निमुळती होत घोट्याच्या बऱ्याच वर संपतात. शिंगराच्या वयात ती नळीला चिवट तंतूंनी बांधलेली असतात आणि वय वाढते तसे त्या तंतूंचे हाड होऊन जोड पक्का होतो.

घोडा अदंत किंवा दोनदाती, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांचा असताना हा जोड कच्चा असतो, आणि नेमक्या याच वयात आपण त्याला कामाला जुंपतो. अंगाच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि आतल्या काडीहाडाचे डोके सपाट असल्यामुळे गुडघ्यातून येणारा दाब बाहेरच्यापेक्षा त्याच्यावर अधिक सरळ बसतो. कठीण जमिनीवर पाय आपटला की तंतू ताणले जातात, हाडावरचे आवरण सुटते, त्याखाली सूज येते आणि शरीर ती जागा नवे हाड घालून सांधू लागते. म्हणूनच गाठ बहुतेक वेळा आतल्या अंगालाच उठते. ज्या घोड्याचे खूर बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, त्याचा एक पाय चालताना दुसऱ्याच्या नळीवर लागतो आणि त्या मारानेही अशीच गाठ येते.

वरातीत नाचवण्यासाठी तयार केलेली एक तीन वर्षांची घोडी माझ्याकडे आणली होती. डांबरी रस्त्यावर ढोलाच्या ठेक्याला तासन् तास पाय आपटणे हाच तिचा सराव होता. गाठ सुपारीएवढी होती, हाताला गरम लागत होती, आणि तिच्यावर लोखंड तापवून दिलेले तीन डाग होते. मालकाचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या आजोबांनीही हेच केले असणार. पण डागाने झाले एवढेच की आधीच सुजलेल्या हाडावर भाजल्याची जखम वाढली. डाग दिल्यावर घोडा बरा होताना दिसतो, कारण जखम भरेपर्यंत त्याला कोणी कामाला लावत नाही, आणि मिळालेल्या विश्रांतीचे श्रेय लोखंडाला जाते.

तपासताना पाय उचलून गुडघ्यात मुडपावा आणि अंगठा नळीच्या मागच्या कडेने वरून खाली सावकाश दाबत न्यावा. घोड्याने पाय हिसकला, तर दुसऱ्या पायावर त्याच जागी तेवढाच दाब देऊन पाहावे. चालताना ठीक दिसणारा घोडा कठीण जमिनीवर दुडकी धरली की लंगडतो, ही मोठी खूण आहे. कधीकधी गाठ बाहेर दिसतच नाही. ती काडीहाडाच्या आतल्या बाजूला, मागच्या जाड स्नायुबंधाकडे वाढते, आणि अशा घोड्याच्या खांद्याला किंवा खुराला उगाच दोष दिला जातो.

गाठ गरम आणि दुखरी असेल, तर त्या दिवसापासून काम बंद करावे. पहिले काही दिवस दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे, नळाच्या गार पाण्याची धार धरावी. वर कापसाची जाड घडी घालून पट्टी सारख्या ताणाने बांधावी, कारण एका जागी आवळलेली पट्टी नळीमागच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, इजा करते. सूज उतरवणारे औषध पशुवैद्यकाच्या सांगण्यानेच द्यावे. त्याने दुखणे दबते, घोडा चांगला चालतो, आणि मालक त्याला पुन्हा रस्त्यावर काढतो, हा धोका मी अनेकदा पाहिला आहे. विश्रांती साधारण चार ते सहा आठवड्यांची लागते. लाथ लागून गाठ आली असेल, त्यातही मागच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला, तर काडीहाड मोडलेले असू शकते. तिथे एक्स-रे काढल्याशिवाय काहीच ठरवू नये.

खुराकाकडेही पाहा. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर पोसलेल्या घोड्याला कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस मिळतो आणि वाढत्या हाडाला ते मानवत नाही. कोंडा कमी करून लसूणघास द्यावा. नालबंदाकडून खुरांचा पुढचा भाग वाढू न देता दोन्ही बाजू समतोल ठेवून घ्याव्यात, आणि ज्याचे पाय एकमेकांना लागतात त्याच्या नळीला जाड संरक्षक पट्टा बांधावा.

दाबल्यावर घोडा पाय हिसकत नाही आणि गाठ थंड, टणक झाली, की आधी मऊ मातीवर हाताने धरून चालवावे, मग थोडी दुडकी, आणि रस्ता सर्वांत शेवटी. गाठ महिनोन्महिने हळूहळू बसते, पण पुष्कळदा थोडी उरतेच. थंड गाठ केवळ दिसायला वाईट म्हणून कापून काढू नये, कारण त्याच जागी पुन्हा हाड वाढण्याचा संभव असतो. ती मागच्या स्नायुबंधाला घासत असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. बाजारात सहा-सात वर्षांच्या, न लंगडणाऱ्या घोड्याच्या नळीवर अशी थंड गाठ सापडली, तर किंमत थोडी कमी करून मागा आणि घोडा खुशाल घ्या.

नमस्कार.