काडी वरून वाळतेय की खालून कुजतेय?

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा एखादा बरा पाऊस पडून गेला, की आपल्या मराठवाड्यात अंगणाअंगणांत एक काम सुरू होतं. शेजारच्या वहिनींकडून गुलाबाची फांदी येते, मामाच्या शेतातून अंजिराची, देवळाच्या आवारातून जास्वंदीची. डब्यात नाहीतर दुधाच्या पिशवीत काळी माती भरायची, काडी खोचायची आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायचं. पंधरा दिवसांत काडी मान टाकते आणि घरात कुणीतरी म्हणतं, "तुझ्या हाताला गुणच नाही." पहिल्यांदाच फांदी लावणाऱ्या पोरीबाळींचा उत्साह या एका वाक्यानं मरतो, याचं मला फार वाईट वाटतं. हाताच्या गुणाचा इथं काही संबंध नाही. काडी का बिघडली, ते तिच्याकडे नीट पाहिलं तर कळतं. वेळेत कळलं तर बऱ्याच काड्या वाचतातही.

काडीला मुळं नसतात, सगळं दुखणं तिथून सुरू होतं. कापलेल्या टोकातून ती जेमतेम पाणी ओढते आणि पानं मात्र दिवसभर पाणी सोडत राहतात. मग एक तर ती वरून वाळत येते, नाहीतर खालून कुजत जाते. दोन्हींत पानं सुकतात, लांबून दोन्ही काड्या सारख्याच दिसतात, आणि आपण दोन्हींना पाणीच घालतो. कुजणाऱ्या काडीला तेच पाणी संपवतं. म्हणून तांब्या उचलण्याआधी नखानं साल जरा खरवडून बघा. शेंड्यापासून सुरू करा आणि खाली या. सालीखाली ओला हिरवा रंग दिसला, तर तिथं जीव आहे. वर तपकिरी, कोरडं आणि खाली हिरवं असेल, तर काडी वाळतेय. वर हिरवं आणि मातीजवळ काळं, मऊ, बोटानं दाबलं की साल सरकतेय, वासही कुबट, तर काडी कुजतेय.

कुजण्याचं प्रमाण आपल्याकडे जास्त, आणि त्याचं कारण आपली काळी माती. कापसाला, सोयाबीनला ती चांगली, कारण ती पाणी धरून ठेवते. पण डब्यात भरलेली काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवेची जागा बुजते. मुळी फुटायला ओलाव्याइतकीच हवा लागते. हवा नाही, वर सतत पाणी, मग बुरशीचं फावतं. म्हणून काळ्या मातीऐवजी जाडी वाळू दोन-तीनदा धुवून घ्या, तिच्यात तेवढंच भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळा आणि डब्याला बुडाशी भोकं पाडा. शेणखत, युरिया यातलं काहीही आत्ता नको. मुळंच नाहीत, तर खत खाणार कोण? उलट ताजं शेणखत मातीत गेलं, की टोक भाजतं.

कुजू लागलेली काडी वाचवायची असेल तर बाहेर काढा. धारदार, स्वच्छ ब्लेडनं काळा भाग कापा, आणि आतलं लाकूड स्वच्छ दिसेपर्यंत कापतच वर जा. डोळ्याच्या, म्हणजे जिथून पालवी फुटते त्या जागेच्या, अगदी खाली शेवटचा काप घ्या. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला २.५ ग्रॅम घेऊन त्यात टोक थोडा वेळ बुडवा, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. सावलीत टोक सुकू द्या आणि नव्या वाळूत लावा. जुनी माती पुन्हा वापरू नका. एक मात्र सांभाळा. खालच्या टोकाला पांढरट, खरबरीत, टणक गाठी दिसल्या तर ती बुरशी समजून कापू नका. कापलेली जागा भरून येतेय, त्याची ती खूण. बुरशी कापसासारखी मऊ असते, पुसली तर निघते.

आता वरून वाळणारी काडी. तिला पाणी कमी पडतंय, पण ते मुळाशी ओतून भागत नाही. पानं कमी करा, वरची एक-दोन ठेवा, तीही मोठी असतील तर अर्धी कापा. वरच्या कापावर शेणाचा गोळा लावायची आपल्या आज्ज्यांची पद्धत चांगलीच आहे, त्यानं टोक सुकत नाही. डब्यावर पारदर्शक पिशवी घाला, म्हणजे आतली हवा दमट राहते. पण ती उन्हात ठेवली तर आत काडी शिजते. रांजणाच्या शेजारची जागा, लिंबाच्या झाडाखालची सावली सगळ्यात बरी. पावसानं उघडीप दिली की ऊन कडक होतं, तेव्हा तर सावली हवीच.

पाण्याचंही बघा. बोअरचं क्षाराचं पाणी देत असाल, तर वाळूवर पांढरा कडक थर चढतो आणि पानांच्या कडा करपतात. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय शहरात पडली आहे. काड्यांना ते अजिबात घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा.

सगळ्यात जास्त मन मोडतं ते वेगळ्याच ठिकाणी. काडीला कोवळी पानं फुटतात, घरात आनंदीआनंद होतो, आणि एका दुपारी ती पानं लोंबतात. काडीच्या आत साठवलेलं अन्न असतं, त्या शिदोरीवर डोळे फुटतात. मुळी अजून सुटलेलीच नसते. म्हणून पहिली पानं दिसली की पिशवी काढू नका, उन्हात नेऊ नका आणि उपसून तर मुळीच बघू नका, नुकती सुटलेली मुळी जागीच तुटते. गुलाबाला, जास्वंदीला चार ते सहा आठवडे द्या. नंतर काडी दोन बोटांत धरून अगदी हलकी ओढा. ती धरून बसली असेल, तर मुळं आली.

काही वेळा दोष आपल्या कामात नसतो, फांदीतच असतो. तेल्या रोग पडलेल्या बागेतली डाळिंबाची काडी फुकट मिळाली तरी आणू नका, रोग घरी येईल. जास्वंदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड, ती फांदी नको. काडीवर मातीचे पापुद्रे चढले असतील, तर वाळवी लागली आहे. आणि आंबा, सीताफळ, मोसंबी यांच्या काड्या घरी लावून सहसा जगत नाहीत. त्यांना कलम करतात किंवा डोळा भरतात, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या सालीत त्यांचा डोळा बसवतात, तेव्हा ती मेली म्हणून खंत करू नका.

मुळं आलेली काडी लगेच शेतात नेऊ नका. आधी पिशवी संध्याकाळी तासभर उघडा, रोज वेळ वाढवत न्या, आठवड्याभरानं पूर्ण काढा. मग सकाळचं कोवळं ऊन दाखवा. काळ्या रानात लावताना खड्ड्यात लावू नका, जरा उंचवटा करून त्यावर लावा, म्हणजे जोराच्या पावसात बुंध्याशी पाणी तुंबणार नाही. नमस्कार.