हा भाव नेमका काय धरून चाललाय?

मार्च 2000. इंटरनेटची नुसती हवा होती तेव्हा, आणि नेटवर्कची यंत्रं बनवणारी सिस्को काही दिवस जगातली सगळ्यात मोठी कंपनी झाली होती, म्हणजे बाजारभावाने मोजलं तर, 500 अब्ज डॉलरच्या वर. कंपनी बोगस नव्हती बरं का. माल खरा, गिऱ्हाईक खरं, नफापण खरा. पुढच्या दहा वर्षांत विक्री दुपटीच्या वर गेली, पण ज्याने अगदी शिखरावर शेअर घेतला तो वीस वर्षांनीसुद्धा तोट्यातच.

मग गंडलं कुठे? भावात.

आता एक साधी गोष्ट आधी. शेअर 50 ला आहे म्हणून स्वस्त आणि 5000 ला आहे म्हणून महाग, असं काही नसतं, कारण एकूण शेअर किती आहेत त्यावर सगळं आहे. भाव गुणिले शेअर, ती मार्केट कॅप, म्हणजे अख्खी कंपनी घ्यायची तर किती मोजावे लागतील. त्यातही कर्ज असेल तर ते तुमच्याच गळ्यात पडणार, ते मिळवायचं, आणि कंपनीकडची रोकड वजा करायची.

मग येतो सगळ्यांचा लाडका पीई. भाव भागिले शेअरमागचा नफा. सिस्कोचा तेव्हा शंभरच्या वर होता, म्हणजे नफा आहे तेवढाच राहिला तर पैसे वसूल व्हायला शंभर वर्षं! पण कमी पीई दिसला की लगेच उडी मारू नका. स्टील, जहाज वाहतूक असल्या धंद्यांत तेजी असते तेव्हा नफा फुगलेला असतो, त्यामुळे पीई सगळ्यात कमी दिसतो तो नेमका चुकीच्या वेळी. नफा कागदावरच आहे की पैसे खरंच हातात आलेत हेही बघायचं, उधारीवर माल विकूनही नफा दाखवता येतो.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन बर विल्यम्स यांनी 1938 मध्ये मांडलेला विचार अजून चालतो: शेअरची किंमत म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत. ऐकायला मस्त वाटतं, पण करून बघा. समजा पुढच्या वर्षी शेअरमागे 10 मिळणार, चलन कुठलंही धरा, आणि आपल्याला 12 टक्के परतावा हवाय. वाढ कायम 5 टक्के धरली तर 12 मधून 5 वजा, उरले 7 टक्के; 10 भागिले 0.07, किंमत आली 143. वाढ 7 धरली तर 200. 8 धरली तर 250. कंपनी तीच, आपण फक्त एक आकडा तीन टक्क्यांनी हलवला. म्हणून कोणी "योग्य किंमत 187.40" असं दशांशापर्यंत सांगितलं की मला हसूच येतं. गुंतवणुकीचे गुरू बेंजामिन ग्रॅहम म्हणूनच अंदाजाच्या बऱ्याच खाली घ्या म्हणायचे, चूक झाली तरी निभावेल इतकी जागा ठेवून.

त्यापेक्षा मला गणित उलटं करायला आवडतं. भाव समोर आहेच, तो खरा ठरायचा तर काय काय घडावं लागेल ते विचारायचं.

सिस्कोवर करून बघू. 500 अब्जांवर वर्षाला 10 टक्के हवे असतील तर दहा वर्षांत कंपनी साधारण 1300 अब्जांची व्हायला पाहिजे. तेव्हा पीई 20 धरू, तोही उदारपणे, आणि बायबॅक, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर परत विकत घेणं, वगैरे बाजूला ठेवू. म्हणजे 2010 मध्ये वर्षाचा नफा लागणार 65 अब्ज डॉलर.

प्रत्यक्षात 2010 मध्ये सिस्कोचा नफा 8 अब्जांच्या आतच होता, आणि सगळी विक्री मिळून सुमारे 40 अब्ज.