ज्याला सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतील

(अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

आरतीला अजून अवकाश आहे आणि मागच्या बाजूने मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा माझ्या हातात किती वेळ आहे हे मला कळतं. कार्यकारिणीने विषय दिला ‘देवाचा आशीर्वाद’. एवढ्या मोठ्या विषयाचं मी एकच टोक धरणार आहे. आपण देवाकडे काहीतरी मागतो, तेव्हा नक्की काय करतो?

मागण्यात आपण कुणाला हार जाणार नाही. हैदराबादजवळ चिलकूरचा बालाजी आहे, लोक त्याला ‘व्हिसा बालाजी’च म्हणतात. मागताना ११ प्रदक्षिणा, काम झालं की परत येऊन १०८. देवळात हुंडी नाही, बालाजी पैसे घेत नाही. इथे हसणाऱ्यांपैकी काहींनी त्या प्रदक्षिणा घातल्या असणार, मी हात वर करायला सांगत नाही. पण एच-वन-बीच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, वर्षाच्या जागा ६५ हजार, इथून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत. अशा ठिकाणी ‘देवा, माझा नंबर लागू दे’ या वाक्याला एक शेपूट असतं, ते आपण उच्चारत नाही: ‘दुसऱ्या कुणाचा राहिला तरी चालेल.’ आणि तो दुसराही ११ प्रदक्षिणा घालून आलेला असू शकतो. बालाजीने कुणाचं ऐकायचं, हे त्याचं तो बघेल. मला मागणाऱ्याबद्दल बोलायचंय.

आमच्या कोकणात मागायची एक वेगळी रीत आहे, गाऱ्हाणं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचे जे इथे आहेत त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. जत्रा असो, शिमगा असो, नाहीतर घरातला गणपती, एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या वतीने मागतो. ‘बा देवा म्हाराजा...’ अशी सुरुवात. मग एकेक मागणं. पीकपाणी चांगलं होऊ दे. गुराढोरांची राखण कर. जी पोरं मुंबयेक चाकरेक गेलेली आसत, तेंका सुखी ठेव. काय चुकला माकला आसात तां पदरात घे. कोण वाकड्या नजरेन बघता आसात, तेका सुबुद्धी दी. आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘होय म्हाराजा!’

यात गंमत अशी की मनातल्या मनात मागायची सोय नाही. जे मागायचं ते शेजाऱ्याच्या कानावर पडणार, आणि त्यावर त्याची संमतीही लागणार. भावकीत बांधावरून कोर्टकचेरी चालू असलेला माणूस बाजूलाच उभा असतो. ‘देवा, ह्याचा निकाल माझ्यासारखा लागू दे’ असं गाऱ्हाणं कोण घालील? आणि घातलंच, तर होय म्हाराजा कोण म्हणेल? मागणं तोंडातून बाहेर पडायच्या आधीच बदलतं.

मला वाटतं, आशीर्वाद मागण्याची ही कसोटी फार कामाची आहे. मी देवाकडे जे मागतोय, ते चारचौघांत मोठ्याने मागितलं तर लोक होय म्हाराजा म्हणतील का?

म्हणजे स्वतःसाठी मागूच नये असं कुणी समजू नका. उपदेशाच्या भरात आपल्याकडे बरेच जण तिकडे घसरतात आणि निष्काम भक्तीची झोड उठवतात. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारी आई म्हणते, ‘माझं लेकरू वाचव.’ तिचं मागणं पूर्ण स्वतःचं आहे. पण तिच्यासाठी होय म्हाराजा म्हणायला अख्खा वॉर्ड तयार होईल, कारण तिचं लेकरू वाचल्याने कुणाचं काही जात नाही. तिने नवस बोलला तर त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

नवसावरून आठवलं. नवसाला पावणारा म्हणून मुंबईत सगळ्यात प्रसिद्ध गणपती कुठला, हे तुम्ही एका सुरात सांगाल. पण लालबागच्या त्या गणपतीची सुरुवात कशातून झाली, हे रांगेत उभे राहणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसतं. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळी बांधव आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी नवस केला की आमच्या बाजाराला हक्काची जागा मिळू दे. जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसवला. मासळीच्या पाट्या घेऊन रस्त्यावर बसलेल्या माणसांनी मिळून मागितलेली जागा होती ती. माझ्या एकट्याचं दुकान चालू दे, असं त्यात नव्हतं. आज त्याच मूर्तीपुढे जो तो आपापली वैयक्तिक यादी घेऊन उभा असतो. चालायचंच, गणपतीला सवय झाली असेल.

गाऱ्हाण्याच्या जोडीला कोकणात आणि गोव्यात कौल असतो. देवाच्या पाषाणाला किंवा मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, काही ठिकाणी तांदूळ. प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर साधारणपणे होकार, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात याला प्रसाद घेणं म्हणतात. विज्ञानाच्या बाजूने यावर काय बोलायचं ते आपण सगळे शिकलेले लोक बोलू शकतो, मीही बोलू शकतो. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते, ती म्हणजे तिथे ‘नाही’ हे उत्तर धरलेलं आहे. घरातली माणसं तासभर पाकळीकडे बघत बसतात, डावी पडते, आणि ती उठून घरी जातात. आपण इकडे मागतो तेव्हा नकाराची जागाच ठेवत नाही. काम झालं नाही तर देव बदलतो. मंगळवारचा गुरुवार करतो.

पुराणांना ‘होय’चा धोका चांगला ठाऊक होता. भस्मासुराने ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, असं मागितलं, शंकराने दिलं, आणि असुर वर आजमावायला शंकराच्याच मागे लागला. शेवटी विष्णूला मोहिनी होऊन त्याला नाचवावं लागलं. हिरण्यकशिपूने दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको असा वकिलाला लाजवेल असा मसुदा करून अमरपण मागितलं. या गोष्टी लहानपणी मजेच्या वाटायच्या. आता वाटतं, कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला सांगत होते की तप खरं असलं तरी मागणं वाईट असू शकतं, आणि देव ते देऊनही टाकतो.

आता पसायदान. आपल्या मंडळाचा एकही कार्यक्रम त्याशिवाय संपत नाही, आणि त्या वेळी निम्मं लक्ष गाडीच्या किल्ल्या शोधण्यात असतं. आज जरा थांबून बघू. शके १२१२, म्हणजे १२९० साल, प्रवरेकाठचं नेवासं. परंपरेने सांगितलेलं जन्मसाल धरलं तर ज्ञानेश्वरांचं वय तेव्हा पंधराच्या आसपास. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांना वाळीत टाकलेलं, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. हा मुलगा सुमारे ९ हजार ओव्या सांगून पुऱ्या करतो आणि मग हात पुढे करतो. आधी काम पुढे ठेवलं, ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ म्हटलं, आणि मग मागितलं. हा क्रमही बघण्यासारखा आहे.

आणि पहिलं काय मागितलं? ‘जे खळांची व्यंकटी सांडो.’ ज्यांनी घर उद्ध्वस्त केलं, त्यांची आठवण अठरा अध्याय सांगून झाल्यावरही गेली नसेलच. पण ते मरोत, त्यांना शिक्षा होवो, असं काही नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडो, त्यांना सत्कर्माची गोडी लागो. गाऱ्हाण्यातलं ‘तेका सुबुद्धी दी’ ते हेच. असं मागणं की ते ऐकून खुद्द खळालाही होय म्हाराजा म्हणता यावं.

त्यानंतर येते आपल्या सगळ्यांची आवडती ओळ, ‘जो जें वांछील तो तें लाहो’. ज्याला जे हवं ते मिळो. ही ओळ एकटी काढून भिंतीवर लावली तर भयंकर आहे, भस्मासुरालाही तेच हवं होतं. पण तिच्या आधी वाकडेपणा गेलेला आहे, जीवांचं एकमेकांशी मैत्र जुळलेलं आहे, दुरिताचा अंधार सरलेला आहे. एवढं झाल्यावर मग जो तो जे मागेल ते त्याला मिळायला हरकत नाही. ओव्यांचा क्रम उलटा लावून बघा, सगळं कोसळतं. आणि नऊ ओव्यांत ज्ञानदेवाने स्वतःसाठी काय घेतलं? शेवटच्या ओवीत विश्वेश्वर म्हणतो, होईल, आणि तेवढ्यावर ‘ज्ञानदेवो सुखिया जाला’. संपलं.

तुकोबांचं ‘हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा’ याहून छोटं आहे. मुक्ती नको, धन नको, संतांची संगत दे आणि मग खुशाल पुन्हा जन्माला घाल. पण त्या मागण्याच्या मागची गोष्ट जास्त बोलकी आहे. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात घरातली माणसं गेली, धंदा बुडाला. घरात सावकारीचे कागद मात्र होते. परंपरा सांगते की त्यांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला, आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. लोकांकडून येणं असलेलं आधी सोडून दिलं. देवाकडे रिकामा हात पसरायचा तर मुठीत दुसऱ्याच्या कर्जाचे कागद असून कसं चालेल?

इथपर्यंत माझी कसोटी छान चालली. आता ती जिथे मोडते ती जागाही दाखवायला हवी, नाहीतर तुम्ही जेवताना दाखवाल.

‘धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद.’ चोखोबा. बडवे मारताहेत, लवकर ये. देवळाच्या आत ज्याला पाऊल टाकू दिलं नाही, त्याचं हे मागणं. त्या वेळी भोवती जमलेल्यांतलं कुणीतरी याला होय म्हाराजा म्हणालं असतं का? गावाच्या गाऱ्हाण्यात ‘सगळे’ म्हणताना कोण आत होतं आणि कोण उंबऱ्याबाहेर, हे आपल्याला माहीत आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. ते दार त्यांच्या समाजासाठी उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षांहून जास्त काळ मागणं रास्त होतं, आणि होय म्हणणारे तोंड शिवून उभे होते. अशा वेळी दोष मागणाऱ्याचा कसा म्हणायचा? तिथे तपासायचे आपण, होय म्हाराजा म्हणणारे. कुणाच्या मागण्याला आपला आवाज लागत नाही, हेही गाऱ्हाण्यात कळतं, फक्त ऐकायचा कान हवा.

गाडगेबाबांना हे फार आतून कळलं होतं. कीर्तनात नवसाच्या बोकडावरून त्यांनी लोकांना किती फैलावर घेतलं. पंढरपूरला जन्मभर जात राहिले, ते झाडू घेऊन. देवळाच्या रांगेत शिरले नाहीत. धर्मशाळा मात्र बांधून घेतल्या. दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईत आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. मघाच्या त्या बाकावरच्या आईला रात्री पाठ टेकायला जागा मिळते, ती कुणीतरी तिच्या मागण्याला तोंडाने न म्हणता हाताने होय म्हटलं म्हणून.

आपल्या मंडळाकडे त्या मानाने साधी कामं आहेत. लेऑफमध्ये नोकरी गेली की व्हिसा टिकवायला मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीत धावपळ करणारी घरं इथे आहेत. मुलीच्या बाळंतपणाला आलेले आणि हिवाळ्यात घरात कोंडलेले आईवडील आहेत. यांचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा कुणी मोठ्याने घालत नाही, आपली इज्जत आडवी येते. मग ते देवाला एकटे सांगतात आणि आपल्याला व्हॉट्सॲपवर फक्त मोदकाचे फोटो दिसतात.

आरती सुरू होण्याआधी पोरांसाठी एक विनंती. ‘संकटीं पावावें’ आहे, ‘संकष्टी पावावे’ नाही. गणपतीने फक्त चतुर्थीलाच पावायचं असा करार आपण केलेला नाही. तसं पाहिलं तर सबंध ‘सुखकर्ता दुखहर्ता’मध्ये मागणं येतं ते थेट शेवटी, तोवर आपण त्याच्याकडे नुसते बघत असतो. तिथे पोचेपर्यंत टाळ्यांचा वेग इतका वाढलेला असतो की आपण काय मागितलं हे आपल्यालाच ऐकू येत नाही. आज जरा सावकाश घेऊ.

आणि आरतीनंतर गाऱ्हाणं होईल. आपल्यात देवगडकडचे एक काका आहेत, ते घालणार आहेत. त्यांच्याकडे आधी कुणी चिठ्ठी दिली असेल तर तेही ते म्हणतील, नाव न घेता. अजून द्यायची असेल तर खुर्च्यांच्या बाजूला डबा ठेवलाय. ज्यांना मालवणी येत नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही, तुम्हाला दोनच शब्द म्हणायचे आहेत. फक्त मागणं पूर्ण ऐकून म्हणा. आणि एखादं मागणं नाहीच पटलं तर गप्प राहा, काका रागावणार नाहीत. जेवताना मात्र विचारतील, का गप्प राहिलात म्हणून.