मंगळवारी सेंटरात कोण असतं?

(कॅनडातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय कम्युनिटी सेंटरचा, म्हणजे शहर चालवतं त्या जिम, पोहण्याचा टँक, वर्ग आणि हॉल असलेल्या जागेचा. मलाच का दिला, ते तुम्हाला ठाऊक आहे. टोरांटोतल्या एका सेंटरच्या काउंटरमागे मी गेली अकरा वर्षं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी बसते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला तिथे पाहिलंय आणि पाहून म्हटलंय, "अय्या वहिनी, तुम्ही इथे?" जसं काही मी तिथे चोरी करताना सापडले.

मला आश्चर्य उलटं वाटतं. तुम्ही इथे कसे? कारण आपल्या मंडळाला सेंटर म्हणजे हॉल एवढंच माहीत आहे. संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी. पर्मिट काढायचं, शनिवारी दुपारी मागच्या दाराला गाड्या लावायच्या, बटाटेवड्यांचे ट्रे आत न्यायचे, नाटक बसवायचं, आरती करायची, आणि मागच्याच दारानं बाहेर पडायचं. दोन वर्षांपूर्वी गणपतीला धूप जरा जास्त झाला आणि फायर अलार्म वाजला, तेव्हा आपण सगळे पहिल्यांदा पुढच्या दारानं बाहेर आलो. त्या दिवशी टँकवरची पोरं ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून बाहेर थंडीत उभी होती. आपल्यामुळे. त्यांच्यातली तीन पोरं आपलीच, मराठी होती. आई-बापांना हॉलमध्ये पत्ताच नव्हता की आपली मुलं दहा पावलांवर पोहतायत, कारण त्यांना सोडायला आजोबा आले होते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचं नाव पैलवानांमुळे झालं हे खरं. पण पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं कोल्हापुरात आज घेतली तर लोक आधी फुटबॉलच बोलतील. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ रिकामी. तालमीचा गणपती, तालमीची मिरवणूक, कुणाच्या घरी मयत झालं तर तालमीची पोरं हजर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माणसं बाहेर काढायला आणि हजारोंचं जेवण रांधायला तालमींची आणि मंडळांची पोरंच पुढे होती.

आणि मी? मी त्या तालमीच्या कट्ट्यासमोरून मान खाली घालून जात होते. आतून शड्डूचा आवाज यायचा, तेलाचा आणि मातीचा वास यायचा. दादा आत जायचा. मला आत काय आहे ते कधी दिसलं नाही. पंचगंगेच्या घाटावर पोरं पुरात उड्या मारायची आणि आम्ही पोरी कपडे सांभाळत पायऱ्यांवर. नदीकाठी वाढले आणि पोहता येत नव्हतं.

इथे आल्यावर सेंटर पहिल्यांदा आतून पाहिलं ते नाइलाजानं. 2013 चा डिसेंबर. इथे तेव्हा असलेल्यांना आठवत असेल. 21 आणि 22 तारखेला तो बर्फाळ पाऊस झाला, झाडांच्या फांद्या काचेसारख्या झाल्या आणि तारांवर कोसळल्या. टोरांटोत जवळजवळ तीन लाख ग्राहकांची वीज गेली. आमची इमारत चौदा मजली, लिफ्ट बंद, हीटर बंद, घरात मुलगी चार वर्षांची. शहरानं कम्युनिटी सेंटरांमधून उबेची ठिकाणं उघडली होती. आम्ही ब्लँकेट, थर्मास आणि भडंगाची पिशवी घेऊन गेलो. जिममध्ये खाटा मांडलेल्या. बास्केटबॉलच्या रिंगखाली एक सोमाली आजी, शेजारी तमिळ कुटुंब, पलीकडे एकटेच राहणारे एक गोरे गृहस्थ, त्यांचं मांजर पिंजऱ्यात. दोन रात्री काढल्या. तिथली एक तरुण कर्मचारी मुलांना घेऊन डॉजबॉल खेळत बसायची म्हणजे आई-बापांना डुलकी घेता येईल. मला तिथे पहिल्यांदा वाटलं, अरे, ही तर तालीम आहे. आणि हिच्यात मला जाऊ देतायत.

पुढच्या वर्षी मी तिथे अर्ज टाकला.

आता काउंटरमागून काय दिसतं ते सांगते. मंगळवारच्या संध्याकाळी या. साडेतीनला शाळा सुटलेली सहा ते बारा वर्षांची पोरं आफ्टर-स्कूलच्या खोलीत असतात, खाऊ, गृहपाठ, खेळ. त्यांचे आई-बाप सहाच्या आत पोचण्यासाठी हायवेवर रडकुंडीला आलेले असतात. पाचला जिममध्ये तरुणांचा ड्रॉप-इन बास्केटबॉल. ड्रॉप-इन म्हणजे या आणि खेळा, नाव घालायची भानगड नाही. 2019 साली टोरांटोच्या रॅप्टर्स संघानं बास्केटबॉलचं एनबीए अजिंक्यपद जिंकलं त्यानंतर तर पोरांना आवरणं मुश्कील झालं होतं. काही सेंटरांत तरुणांसाठी वेगळी जागा आहे, तिथे गाणं रेकॉर्ड करण्याची सोयही असते. संध्याकाळी सातला झुंबा. आणि हिवाळ्यात, जिथे आत चालायचा ट्रॅक आहे तिथे, आपली आजी-आजोबा मंडळी. सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाच्या व्हिसावर, आलेले आजोबा, मफलर गुंडाळून, आतल्या आत गोल गोल. त्यांच्या गप्पा मला काउंटरपर्यंत ऐकू येतात. घरात सुनेसमोर जे बोलता येत नाही ते तिसऱ्या फेरीत बोलून होतं.

जरा पैशाचं बोलू. हा मुद्दा आपण टाळतो.

तीन-चार वर्षांपूर्वी एक मराठी बाई काउंटरवर आली. नुकतीच आलेली, इंग्रजी चांगलं. मुलाचं पोहणं आणि मुलीचं स्केटिंग, दोन्ही रद्द करायचंय म्हणाली. कारण विचारलं तर, "वेळ जमत नाही." रद्द करता करता मी मराठीत बोलले तसा तिचा आवाज बदलला. नवऱ्याची नोकरी गेली होती. मी तिला वेलकम पॉलिसीचा अर्ज दिला. टोरांटो शहराची ही सवलत आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर वर्षभरासाठी घरातल्या प्रत्येकाच्या खात्यात काही रक्कम जमा होते आणि त्यातून वर्गांची फी जाते. शेजारच्या मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन शहरांमध्ये अशाच सवलतीला ॲक्टिव्हअसिस्ट म्हणतात. शिवाय टोरांटोतली काही सेंटर अशी आहेत की तिथले बरेचसे वर्ग सगळ्यांनाच फुकट. कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीचं जंपस्टार्ट आहे, तेही 2005 पासून मुलांच्या खेळाचा खर्च उचलतं.

त्या बाईंनी अर्ज हातात धरला आणि विचारलं, "मंडळात कुणाला कळणार नाही ना?"

मंडळी, मला त्या प्रश्नाची लाज वाटली, तिची नाही. वर्गात कुणाचे पैसे कुठून आले हे शिकवणाऱ्यालाही माहीत नसतं. आपणच एकमेकांवर डोळे लावून बसलेलो असतो. मुलं आजही पोहतायत, एवढं सांगते आणि पुढे जाते.

पोहण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, तयारी ठेवा. हा देश तळ्यांचा आहे. आपण उन्हाळ्यात कॉटेजला जातो, पोहे-उपम्याचं सामान नेतो, लाइफजॅकेट मात्र नेत नाही. इथली लाइफसेव्हिंग सोसायटी 'स्विम टू सर्व्हाइव्ह' नावाची एक साधी कसोटी शिकवते: खोल पाण्यात अचानक पडल्यासारखं पडायचं, एक मिनिट तिथेच तरंगून राहायचं, आणि मग 50 मीटर पोहून काठाला लागायचं. बस्स. स्टाइल नको, स्पर्धा नको. बऱ्याच शाळांमधून तिसरीच्या मुलांना हे शिकवतात. आता या खोलीत हात वर करायला सांगितले तर किती वर येतील? राहू दे, जेवणाआधी कुणाला संकोचात टाकत नाही.

मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले. फक्त बायकांच्या तासाला. असे तास ठेवायला सुरुवातीला नाकं मुरडणारे खूप होते. पण रिजंट पार्कला जाऊन बघा. कॅनडातल्या जुन्या सरकारी वस्त्यांपैकी ती एक. 2005 पासून तिची नव्यानं बांधणी सुरू झाली आणि 2012 मध्ये तिथे पोहण्याचं सेंटर उघडलं. त्याला आता नगरसेविका पॅम मॅकॉनेल यांचं नाव आहे. काचेच्या भिंती, रस्त्यावरून टँक दिसतो. पण बायकांच्या तासाला पडदे खाली येतात. ज्यानं ते नकाशावर काढलं त्याला माझ्यासारख्या बायका माहीत होत्या. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस घालून मी पहिल्या दिवशी काठ धरून पाऊण तास उभी होते. माझ्या शेजारी अफगाणी बाई, तीही काठ धरून. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भीती सारखीच होती.

आणि माझी लेक. ती चार वर्षांची जिममध्ये खाटेवर झोपलेली. तिनं आधी जीवरक्षणाच्या शिक्षणातलं ब्राँझ मेडॅलियन केलं, मग ब्राँझ क्रॉस, आणि पंधरा पूर्ण झाल्यावर नॅशनल लाइफगार्डची परीक्षा दिली. आता ती शनिवारी उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसते. मोठमोठ्या बाप्यांना "काठावर पळू नका" म्हणून दरडावते. दादाला मी फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, "तालमीत वस्ताद झाली की!"

तरुण पोरापोरींच्या आई-बापांनो, आपल्या आँटॅरियो प्रांतात बारावीच्या डिप्लोमासाठी 40 तास समाजकार्य लागतं हे तुम्हाला माहीत आहे. 1999 मध्ये नववीत आलेल्या मुलांपासून हा नियम आहे. आपल्याकडे त्याचं काय होतं? बारावीच्या एप्रिलमध्ये मंडळाच्या सचिवांकडे फोन. "काका, सही द्याल का? दिवाळीला खुर्च्या लावल्या होत्या त्यानं." सचिव काका भिडस्त. मी भिडस्त नाही. नववीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून हे तास धरतात. सेंटरच्या समर कॅम्पला पोरांना पाठवा. सहा वर्षांच्या पंचवीस मुलांना रांगेत उभं करणं काय असतं हे एकदा कळलं की घरात धाकट्या भावंडावर ओरडणं कमी होतं. पुढे त्याच पोरांना तिथेच पगाराची पहिली नोकरी मिळते. रेझ्युमेवर लिहायला काहीतरी खरं मिळतं.

तक्रारही सांगते, कारण काउंटरवर ती रोज ऐकते. वर्गांना जागा मिळत नाही. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी सातला अख्खं घर एक लॅपटॉप आणि तीन फोन घेऊन बसतं, कोर्सचे कोड कागदावर लिहून, मुहूर्ताला अक्षता टाकायला बसावं तसं. सात वाजून दोन मिनिटांनी पोहणं भरलेलं. लाइफगार्ड आणि शिकवणारे कमी पडतात म्हणून वर्ग वाढत नाहीत, हे त्यातलं मोठं कारण. म्हणजे तुमची पोर लाइफगार्ड झाली तर शेजाऱ्याच्या पोराला टँकमध्ये जागा मिळते, इतका सरळ हिशोब आहे. आणि एक हात जोडून: येणार नसाल तर नाव काढा. भारतात जायचं तिकीट काढता तेव्हाच काढा. वेटलिस्टवर एक मूल थांबलेलं असतं.

मंडळाकडून मला काय हवंय? फार नाही. पुढच्या वर्षी गणपतीच्या दिवशी हॉलचं पुढचं दार उघडं ठेवू या, कॉरिडॉरमधून जाणाऱ्यांना मोदक देऊ या. आपल्या लेझीम पथकानं मंगळवारच्या ड्रॉप-इनच्या पोरांना एकदा लेझीम शिकवावं, मी जागेचं बोलते. सेंटरच्या सल्लागार समितीच्या सभा होतात, तिथे आपलं कुणीच नसतं. मग "मराठी वर्गाला शनिवारी खोली का मिळत नाही" हे आपण एकमेकांना व्हॉट्सॲपवर विचारत बसतो.

माझी पंधरा मिनिटं संपली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. आपलं पर्मिट दहापर्यंतच आहे. दहानंतर सफाई करणारे गृहस्थ एकटेच असतात आणि त्यांना शेवटची बस गाठायची असते, म्हणून साडेनऊला खुर्च्या उचलायला लागू या. रांगोळी दाराशी आहे ती मी पुसते, मला बादली कुठे असते ते माहीत आहे.