खेळाडू मध्ये पडलेच नाहीत तर? कथेवर चालणाऱ्या फँटसी कॅम्पेनची तयारी

मंडळी, इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी एकच कथा, खेळलेलं आहे आणि आता काहींना ते चालवायचं आहे. त्यामुळे आरपीजी, म्हणजे एकेक पात्र होऊन टेबलाभोवती खेळायचा कथाखेळ, यात वेळ न घालवता थेट जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, खुर्चीत बसू या.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला तो युद्धखेळांच्या घराण्यातून. छोटे सैनिक, मोजपट्टी, फासे हे सगळं आधीपासून होतंच. पलटणीऐवजी प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच माणूस देणं, हा मोठा बदल. त्या जन्माची खूण अजून दिसते. नियमपुस्तकांत लढाईला पानंच्या पानं असतात, कथा कशी चालवावी याला मानानं फार थोडी. मग नवा जीएम कथेसाठी कादंबरीकडे बघतो. प्रकरण एक, प्रकरण दोन, शेवटी खलनायकाशी सामना, असा आराखडा लिहून आणतो. दुसऱ्याच सेशनला खेळाडू भलत्या रस्त्यानं जातात. मग एक तर तो त्यांना ओढून रुळावर आणतो, नाही तर वीस पानांची तयारी वाया जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे: पुढे काय होईल हे लिहून आणू नका. खेळाडू मध्ये पडलेच नाहीत तर काय होईल, ते लिहून आणा.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. नदीकाठी एक गाव आहे. नदीच्या तळाशी जुनी घंटा बुडालेली आहे. दर अमावस्येला ती वाजते आणि बुडून मेलेली माणसं पहाटेपर्यंत काठावर येऊन उभी राहतात. ही झाली परिस्थिती. आता हिच्यात तीन माणसं सोडा. नावाडीण म्हातारीचा मुलगा याच नदीत गेला. महिन्यातून एकदा त्याचं तोंड दिसतं, म्हणून घंटा आहे तिथेच राहायला हवी. गढीवरच्या सरदाराला पूल बांधायचा आहे. पुलाचा पाया नेमका त्या जागी येतो, म्हणून त्याला घंटा फोडायची आहे. आणि गावाबाहेर राहणाऱ्या मांत्रिकाला ती वर काढायची आहे, कारण ती ज्याच्या हाती, मेलेले त्याच्या हुकमात.

प्रत्येक माणसासाठी तीन ओळी पुरतात: त्याला काय हवंय, त्यासाठी तो आज काय करतोय, आणि कशाला घाबरतो. दिसणं, वय, घराण्याचा इतिहास हे टेबलावर सुचतं. या तीन ओळी मात्र ऐनवेळी सुचत नाहीत, आणि त्या नसल्या की एनपीसी, म्हणजे जीएम चालवतो ते पात्र, नुसता माहिती देणारा खांब होतो. खेळाडूंनी नावाडीणीला धमकावलं काय किंवा तिच्यासाठी पूल अडवला काय, तुमच्याकडे उत्तर तयार असतं, कारण ती तशी का वागते हे तुम्हाला माहीत असतं. आणि तिघांपैकी कुणाची बाजू घ्यायची, हे तुम्ही ठरवलेलंच नाही. कथा इथे सुरू होते.

मग काळ. मांत्रिकासाठी कागदावर एक वर्तुळ काढा आणि त्याचे सहा भाग करा. व्हिन्सेंट आणि मेगे बेकर यांच्या २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात ही घड्याळाची युक्ती आली आणि पुढे जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळानं ती घरोघर नेली. पहिल्या घरात: गावातले सगळे जाड दोर कुणीतरी विकत घेतले. दुसरं: दोन पाणबुडे बेपत्ता. तिसरं: अमावस्या नसताना घंटा वाजली. चौथं: घंटा काठावर आली. पाचवं: मेलेल्यांनी पहिला हुकूम पाळला. सहावं: गढी पडली. एक सेशन कुणी मांत्रिकाच्या वाटेला गेलं नाही, तर एक घर भरा. खेळाडूंनी एखाद्या अपयशात वेळ गमावला, तरी एक घर भरा. एका नियमात मात्र ढिलाई नको: भरलेलं प्रत्येक घर खेळाडूंच्या डोळ्यांना किंवा कानांना कळलं पाहिजे. दोर मिळत नाहीत म्हणून नावा काठावर बांधून ठेवता येत नाहीत, हे त्यांना दिसू दे. पडद्याआड भरलेलं घड्याळ सहाव्या घरात अचानक फुटलं, तर ते अन्यायाचं वाटतं, आणि ते वाटणं रास्त असतं.

आता सुगावे. सगळ्यात जास्त कॅम्पेन इथे अडकतात, म्हणून थोडं गणित करू. खेळाडूच्या कौशल्याला अधिक ५ आहे, म्हणजे फाशावर पडेल त्यात पाच मिळवायचे, आणि डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत. शक्यता ५५ टक्के. मांत्रिकाच्या घराचा पत्ता तुम्ही फासा टाकण्याच्या या एका रोलच्या मागे ठेवलात, तर ४५ टक्के वेळा तुमची कथा त्या दारातच थांबते. तोच निष्कर्ष तीन वेगळ्या जागी ठेवा: दोरवाल्याच्या वहीत, बेपत्ता पाणबुड्याच्या बायकोकडे, आणि गढीच्या पहारेकऱ्याच्या बोलण्यात. तिन्ही सुगावे एकमेकांवर अवलंबून नसतील, तर तिन्ही हुकण्याची शक्यता ९ टक्क्यांवर येते. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला तीन सुगावे, हा आरपीजीवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरनं मांडलेला नियम यासाठीच मोलाचा आहे. मी त्यात एक भर घालेन: तिन्हींपैकी एक सुगावा रोल न टाकता द्या. रोल ठेवायचाच असेल तर जास्तीच्या माहितीसाठी ठेवा. मांत्रिक कुठे राहतो हे सगळ्यांना कळेल. तो दर रात्री घर सोडून नदीवर जातो, हे चांगला रोल पडला तर कळेल.

याच गणिताची दुसरी बाजू लपून जाताना दिसते. चार खेळाडू, प्रत्येकाची शक्यता ५५ टक्के, आणि तुम्ही म्हणालात की सगळ्यांनी रोल टाका, एक जरी चुकला तरी पकडले जाल. चौघंही यशस्वी होण्याची शक्यता ९ टक्के. म्हणजे बेत कितीही चांगला असला तरी तो फसणारच असं तुम्ही नकळत ठरवून टाकलंत. पुढच्या वेळी खेळाडू लपून जायचा विचारच करत नाहीत, थेट तलवार काढतात, आणि जीएमला वाटतं यांना फक्त मारामारी आवडते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत गटाच्या रोलचा नियम आहे: निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी. तो वापरला की तीच शक्यता ७६ टक्क्यांच्या आसपास जाते. उलट, खोलीत काही लपलंय का हे चौघांनी वेगवेगळा रोल टाकून शोधलं, तर एकाला तरी सापडण्याची शक्यता ९६ टक्के. मग रोल घेतला कशाला? सांगून टाका.

रोल मागण्याआधी मनात दोन वाक्यं तयार हवीत: जमलं तर काय, आणि नाही जमलं तर काय. दुसऱ्या वाक्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर फासा हातात देऊ नका. चोराचं काम करणारी खेळाडू म्हणते, मी गढीच्या मागच्या दाराचं कुलूप उघडते. आसपास कुणी नाही, घाई नाही, तर उघडलं म्हणा. पहारा असेल तर तिला आधीच सांगा: “पहारेकरी फेरी मारून येतोय. जमलं तर तो यायच्या आत तू आत असशील. नाही जमलं तरी दार उघडेल, पण तो कोपऱ्यावर पोचलेला असेल. टाकतेस?” ती टाकते. सात पडतात, अधिक पाच, बारा. पंधराला कमी पडले. “कुलूप उघडलं. हातातली आकडी मोडून फरशीवर पडली. कोपऱ्यावर मशालीचा उजेड आला आणि थांबला. काय करतेस?” इथे अपयशानं दार बंद केलं नाही, नवा प्रसंग दिला. बेकरांच्या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात: दहा किंवा वर पूर्ण यश, सात ते नऊ म्हणजे किंमत देऊन यश, सहा किंवा खाली म्हणजे संकट. अधिक १ असलेल्या माणसाला ते मधलं फळ ४४ टक्के वेळा येतं. वीस बाजूंच्या फाशात हे मधलं फळ नाही, ते जीएमनं आणायचं असतं.

लढाईबद्दल थोडक्यात. चार खेळाडू, प्रत्येकाला दोन मिनिटं, जीएमला तीन. एक फेरी ११ मिनिटांची. चार फेऱ्या झाल्या की पाऊण तास गेला. तीन तासांच्या सेशनमध्ये अशी एकच मोठी लढाई ठेवा. आणि एकटा राक्षस उभा करू नका. चार पाळ्यांसमोर त्याची एकच पाळी असते. एका मंत्रानं ती गेली की तो नुसता मार खात उभा राहतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना दुसऱ्यांच्या पाळीनंतर हालचाल करता येते ती याचसाठी. सोपा उपाय म्हणजे सोबत तीन-चार हलके साथीदार द्यायचे आणि लढाईला मारण्यापलीकडचं काम द्यायचं. मेलेले काठावर चढताहेत, घंटेचा दोर तीन फेऱ्यांत कापायचा आहे: आता कुणी लढेल, कुणी दोराकडे धावेल, आणि नावाडीण कुणाच्या बाजूनं सुरी उचलेल हे कुणालाच माहीत नाही.

हे सगळं चालायचं असेल तर पहिल्या सेशनच्या आधीचं सेशन झिरो टाळू नका. चार खेळाडू उत्तम, पाच चालतात. सहा झाले की प्रत्येकाच्या पाळीची वाट लांबते आणि शांत माणूस हरवतो. किती जण आले तर खेळायचं हे तेव्हाच ठरवा. चारपैकी तीन आले तर खेळ होणार, असं ठरलेलं नसेल तर कॅम्पेन तारखा जुळवता जुळवताच संपतं. खेळात कोणते विषय अजिबात नकोत आणि कोणते आडून चालतील, हे खेळ रचणाऱ्या रॉन एडवर्ड्सच्या भाषेत रेषा आणि पडदे म्हणून ओळखलं जातं. दोन्हींची यादी कागदावर घ्या. टेबलाच्या मध्यभागी एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा. ही जॉन स्टॅव्ह्रोपोलोसची कल्पना: कुणीही कार्डला हात लावला की तो भाग कापायचा, कारण विचारायचं नाही. भीतीची, मृत्यूची कथा मोकळेपणानं सांगायला अशा टेबलावरच धीर येतो.

कॅरेक्टरची पूर्वकथा अर्ध्या पानाची मागा. चार पानं लिहून आणणाऱ्या खेळाडूची कथा आधीच घडून गेलेली असते. त्या अर्ध्या पानात तीन गोष्टी हव्यातच: जिवंत असलेलं एक जवळचं माणूस, अर्धवट राहिलेलं एक काम, आणि या बाकीच्यांसोबत का फिरतो याचं उत्तर. तिसरी नसली तर “माझं कॅरेक्टर असं करणार नाही, ते एकटंच जाईल” हे वाक्य तिसऱ्या सेशनला येतंच. मग प्रत्येकानं शेजारच्याला एक प्रश्न विचारावा: मी तुझा जीव कधी वाचवला? तुझं कोणतं गुपित मला माहीत आहे? मिळालेली नावं आपल्या परिस्थितीत पेरा. बेपत्ता पाणबुड्यांपैकी एक कुणाचा तरी भाऊ निघू दे. त्या क्षणी खेळाडू पुढे सरसावून बसतो.

वर्णन तीन वाक्यांच्या वर नको. त्यानंतर ऐकणाऱ्याचं लक्ष कॅरेक्टर शीटवर जातं. एक वास, एक आवाज, आणि हात लावावासा वाटेल अशी एक वस्तू. नियमावरून वाद झाला तर एका मिनिटात निर्णय द्या, पुस्तक सेशननंतर उघडा. नकाशे, संगीत, रंगवलेल्या बाहुल्या छानच. पण त्यांच्यावर घालवलेला तास आधी त्या तीन ओळींवर घाला.

आणि सेशन संपताना, खुर्च्या सरकण्याआधी, एक प्रश्न विचारा: पुढच्या वेळी तुम्ही काय करणार आहात? “आम्ही रात्री गढीत शिरणार.” झालं, तुमची तयारी एका गढीपुरती आली. एका पानात बसते: सुरुवातीचा प्रसंग, तिथले तीन-चार लोक त्यांच्या तीन ओळींसह, आठ-दहा सुटे सुगावे जे कुणाच्याही तोंडून निघू शकतात, आणि घड्याळ कितव्या घरात आहे ते. न वापरलेले सुगावे फेकू नका. पहारेकऱ्याकडून न कळलेली गोष्ट पुढच्या सेशनला नावाडीणीला माहीत असू शकते. टेबलावर उच्चारली गेली नाही, तोवर कोणतीही गोष्ट खरी झालेली नसते.

पहिलं कॅम्पेन आठ ते बारा सेशनचं ठेवा आणि तसं सुरुवातीलाच जाहीर करा. शेवट माहीत असला की खेळाडू धोका पत्करतात, राखून ठेवलेलं सगळं खर्च करतात. शेवटच्या सेशनची शेवटची वीस मिनिटं लढाईला देऊ नका, ती खेळाडूंची आहेत. प्रत्येकाला विचारा: एक वर्षानंतरच्या अमावस्येला तुझं कॅरेक्टर कुठे आहे? आणि बोलू द्या. कुणी नव्या पुलावर उभं असेल. कुणी म्हातारीच्या नावेत वल्हं धरून बसलेलं असेल, आणि घंटा वाजते का याकडे कान लावून असेल. ती वाजते की नाही, हे तुम्ही सांगू नका. त्यालाच सांगू द्या.