सरमेचा प्रश्न

[अंधार. दाराची कडी वाजते.]

पहाटे साडेपाचला भुऱ्या दारात आला, तो न ओरडता. एरवी हा बोका घरात शिरण्याआधी अख्खा मजला जागा करायचा. त्या दिवशी नुसता उंबऱ्याशी उभा राहिला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, मागचे पाय थरथरत होते आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अंधारात मांजराची बाहुली मोठी व्हायला हवी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, किडे मारायच्या औषधाची विषबाधा दिसतेय. अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने आणखी एक. सव्वानऊला सगळं संपलं. टॉवेलात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, ‘शवविच्छेदन करायचंय का? पोटातला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येईल. काय गेलं ते नक्की कळेल.’

मी म्हणाले, ‘आता काय उपयोग?’

घरी पोचले तोवर निकाल लागलेला होता. शेजारचे काका. त्यांच्या गच्चीत साठेक कुंड्या, पोटच्या पोरांसारख्या जपलेल्या. भुऱ्या तिथे जाऊन माती उकरायचा, गुलाबाच्या मुळाशी घाण करून यायचा. ‘एक दिवस याचा बंदोबस्त करतो,’ असं काका दोनदा तरी सगळ्यांदेखत बोलले होते. आणखी पुरावा कशाला हवा? आजी म्हणाली, ‘मुक्या जनावराचा तळतळाट आहे तो. देवाच्या काठीला आवाज नसतो.’

मग आम्ही त्या काठीची वाट बघत बसलो. अकरा वर्षं.

[शीर्षक. मग रिकामी वाटी, कडेला एक टवका उडालेला.]

पाळलेल्या जनावराला कुणी मुद्दाम इजा केली की, घरातली माणसं रडून झाल्यावर एकच गोष्ट म्हणतात. त्याला भोगावं लागेल. इथेच फेडावं लागेल. हे म्हटल्याशिवाय त्या रात्री झोप येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. प्रश्न एवढाच आहे की, ज्या कर्माच्या भरवशावर आपण हे बोलतो, ते कर्म असलं काही कबूल करतं का?

शास्त्रात कर्माचे तीन हिस्से सांगतात. आत्ता करतोय ते क्रियमाण, साठत गेलेलं ते संचित, आणि त्या साठ्यातलं या जन्मी भोगायला काढलेलं ते प्रारब्ध. म्हणजे आज बोक्याला विष घालणारा उद्या ज्या सुखात लोळेल, ते त्याच्या कुठल्या तरी जुन्या पुण्याचं असू शकतं, आणि आजच्या पापाचा हिशेब कुठल्या जन्मी निघेल ते कुणी सांगू शकत नाही. मनुस्मृती तर सरळच म्हणते, अधर्म लगेच फळत नाही. हितोपदेशात मात्र दिलासा आहे. फार उग्र पापाचं फळ इथेच मिळतं, तीन वर्षांत, तीन महिन्यांत, तीन पंधरवड्यांत नाहीतर तीन दिवसांत.

आजीला हा श्लोक पाठ होता. आम्ही मोजलं. तीन दिवस गेले, तीन पंधरवडे गेले. तीन वर्षंही गेली. काकांच्या गुलाबांना दर हंगामात आधीपेक्षा मोठी फुलं आली.

चौथ्या वर्षी काका जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. बातमी आली तेव्हा घरात कुणी हसलं नाही, पण एकमेकांकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. ‘बघितलंस?’ आजी हळूच म्हणाली.

त्याच महिन्यात माझी आई न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं, सळई घालावी लागली. हे कुणाच्या तळतळाटाने, असं आमच्यात कुणीच विचारलं नाही. फरशी ओली होती, झालं.

[यज्ञमंडप, रेखाचित्र. कडेला एक कुत्रा.]

महाभारताच्या अगदी सुरुवातीला, आदिपर्वात, एक मार खाल्लेला कुत्रा आहे. त्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच तो केकाटत उभा आहे, आणि आपण त्याला ओलांडून थेट कौरव-पांडवांकडे जातो.

परीक्षिताचा मुलगा जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्राला, म्हणजे पुष्कळ दिवस चालणाऱ्या यज्ञाला, बसला आहे. बरोबर तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन. तिथे सरमा नावाच्या कुत्रीचं पोर येतं. भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, का रडतोस, कुणी मारलं? पोर नावं सांगतं. आता आईचं पुढचं वाक्य काय असेल? ती म्हणते, तू नक्कीच काहीतरी आगळीक केली असशील, म्हणून मारलं.

हे सख्खी आई म्हणते!

पोर सांगतं, मी काही केलं नाही. हविर्द्रव्याकडे, यज्ञात अर्पण करायच्या पदार्थांकडे, बघितलंसुद्धा नाही, चाटणं तर दूरच. मग सरमा उठते आणि थेट सत्राच्या जागी जाऊन विचारते, याने काही अपराध केला नव्हता, मग याला का मारलंत? तिला कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती म्हणते, ज्याअर्थी निरपराध असताना याला मारलंत, त्याअर्थी न दिसणारं भय तुझ्यावर येईल.

बारकाईने पाहिलं तर हा शाप मारणाऱ्या भावांकडे वळत नाही. तो जनमेजयावर येतो. यजमान तो आहे, मंडप त्याचा आहे, आणि ती दारात येऊन विचारत असताना तो तिथे बसलेला आहे. तो हादरतो. सत्र संपल्यावर हस्तिनापुरात परततो आणि या पापाची शांती करू शकेल असा पुरोहित शोधत हिंडतो. शेवटी सोमश्रवा नावाचा ऋषिपुत्र मिळतो. एका कुत्रीच्या शापाची केवढी ही धास्ती!

मला यात शापापेक्षा सरमेचं तिथवर चालत जाणं मोठं वाटतं. देवशुनी ती, देवांची कुत्री. घरबसल्या शाप दिला असता तरी लागला असता. पण तिने आधी विचारलं.

रामायणाच्या उत्तरकांडात, प्रक्षिप्त, म्हणजे मागून घातलेल्या, समजल्या जाणाऱ्या सर्गांत, अशीच आणखी एक गोष्ट आहे. डोकं फुटलेला कुत्रा रामाच्या दरबारात फिर्याद घेऊन येतो. सर्वार्थसिद्ध नावाच्या ब्राह्मणाने मारलेलं असतं. त्याला बोलावतात, विचारतात. तो कबूल करतो, भिक्षा मिळाली नव्हती, भुकेने डोकं फिरलं होतं, हा वाटेत आला. शिक्षा काय द्यावी यावर सभा अडते, तेव्हा कुत्राच सुचवतो की, याला कालंजरच्या मठाचा कुलपती करा. सगळे चक्रावतात, ही शिक्षा की बक्षीस? कुत्रा म्हणतो, मागच्या जन्मी मीच तिथला कुलपती होतो. (संस्थांच्या कारभाराबद्दल इतकं नेमकं भाष्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.)

[प्रयोगशाळेची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

सरमेच्या त्या वाक्याकडे परत जाऊ. तूच काहीतरी केलं असशील. 1966 साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक बाई चुका करते आणि तिला विजेचे झटके बसतात, असं काही विद्यार्थिनींना दाखवलं. झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. जिथे त्यांना तिचे हाल थांबवता येत होते, तिथे त्यांचं तिच्याबद्दलचं मत फारसं बिघडलं नाही. जिथे हाल चालूच राहणार होते आणि बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, तिथे ती बाईच त्यांना कमी प्रतीची वाटू लागली. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायचा तर मार खाणाऱ्यात खोट काढावी लागते.

कर्माची दुसरी धार ती हीच. काकांचा खुबा जर कर्माने मोडला असेल, तर भुऱ्याच्या पोटात विष गेलं तेही कर्मानेच म्हणावं लागेल. मागच्या जन्मी असेल काहीतरी. हे वाक्यही मी ऐकलंय, सांत्वनाला आलेल्या एका बाईंकडून. त्यांना वाईट वाटलं होतं, त्या मनापासून बोलत होत्या. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले नाही.

गौतम बुद्धांनी ही गाठ फार पूर्वी सोडवली होती. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, त्यांना विचारतो, काही श्रमण म्हणतात की माणसाला जे जे भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्माचं फळ, तुमचं काय मत? बुद्ध म्हणतात, ते सत्याला सोडून बोलतात. मग ते वेदनेची आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संकर, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, आणि दुसऱ्याने केलेला आघात. आठवं कारण कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. दुसऱ्याने घातलेला घाव त्यांनी वेगळा मोजलाय. भुऱ्याच्या बाजूने एवढं स्वच्छ बोललेलं मला दुसरं सापडलं नाही.

आणि ज्याने घाव घातला त्याचं? बुद्ध चेतनेलाच कर्म म्हणतात, म्हणजे हेतूला. चुकून पाय पडला आणि मुद्दाम लाथ घातली, जनावराला दुखतं सारखंच, कर्म मात्र वेगळं. हा हेतू ओळखायचा कसा, तिथे आपलं घोडं अडतं.

एवढं होऊनही हिशेब चोख असतो म्हणावं, तर मांडव्य ऋषी उभे आहेत. चोरीचा खोटा आळ येऊन त्यांना सुळावर चढवलं जातं. पुढे ते यमधर्माला जाब विचारतात, माझं काय चुकलं होतं? धर्म सांगतो, लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या. मांडव्य ऐकून घेत नाहीत. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? ते धर्मालाच शाप देतात, आणि तोच पुढे विदुर म्हणून जन्माला येतो. शिवाय मर्यादा घालतात, चौदा वर्षांपर्यंत केलेल्या गोष्टीचं पाप लागणार नाही. म्हणजे कर्माच्या कोर्टातही अपील झालेलं आहे, आणि निकाल फिरलेला आहे.

[कायद्याची जुनी पानं, भरभर उलटत जातात.]

माणसांच्या कोर्टाचं थोडक्यात सांगते. ब्रिटनने 1822 मध्ये गुराढोरांवरच्या क्रौर्याविरुद्ध कायदा केला. त्यात कुत्री-मांजरं नव्हती. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 साली प्राणी-क्रौर्याची कमाल कैद सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली. भारताच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. जनावराला मारणं किंवा लुळंपांगळं करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेत एफबीआय 2016 पासून अशा गुन्ह्यांची स्वतंत्र नोंद घेते. त्यामागे संशोधन आहे. 1999 च्या एका अभ्यासात प्राण्यांवरच्या क्रौर्याबद्दल खटला झालेल्या 153 जणांची तुलना तेवढ्याच शेजाऱ्यांशी केली. क्रूर वागणाऱ्यांच्या नावावर हिंसक गुन्हे असण्याची शक्यता पाचपटीहून जास्त निघाली. सरमेच्या त्या न दिसणाऱ्या भयापेक्षा मला हे खरं भय वाटतं. जनावराला मारलं हे तिथेच सोडून देण्यासारखं नसतं.

पण कुठलंही कोर्ट पुराव्याशिवाय हलत नाही, आणि विषाचा पुरावा फार लवकर हातचा जातो. उलटी स्वच्छ डबीत भरून ठेवायची. वेळ दिसेल असे फोटो काढायचे. डॉक्टरांकडून लेखी घ्यायचं. जनावर गेलंच, तर देह थंड ठेवून लवकरात लवकर शवविच्छेदनाला न्यायचा. बर्फासारखा गोठवायचा नाही, पेशी खराब होतात. उंदीर मारायच्या काही औषधांत तर आणखी पंचाईत. ती रक्त गोठू देत नाहीत, पण जनावर दोन-चार दिवस धडधाकट दिसतं आणि मग एकदम नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. कारण आज, फळ चार दिवसांनी. हेही कर्मच म्हणा, फक्त ते प्रयोगशाळेत तपासता येतं.

हे सगळं मी नंतर वाचलं. आणखीही एक वाचलं. किडे मारायचं औषध मांजराच्या पोटात जायला कुणी ते खाण्यात कालवावंच लागतं असं नाही. फवारणी झालेल्या ओल्या मातीतून मांजर चालत जातं, आणि घरी येऊन पंजे चाटतं.

साठ कुंड्या होत्या.

भुऱ्याला आम्ही त्याच संध्याकाळी पुरलं. पोटातला नमुना त्याच्याबरोबर गेला. काकांनी विष घातलं, की गुलाबावरचा मावा मारायला फवारा मारला, की त्यांचा काहीच संबंध नव्हता, हे सांगू शकेल असं आमच्याकडे काहीही उरलं नाही. तरी अकरा वर्षं आम्ही त्या माणसाला जिन्यात ओळख दाखवली नाही. खुबा मोडला तेव्हा बघायला गेलो नाही. आजी गेली तीसुद्धा हे मनात ठेवूनच.

[जिना. कॅमेरा हातात, किंचित हलतो.]

या फिल्मसाठी मी काकांचं दार वाजवलं. कॅमेरा बंद केला होता. आवाज तेवढा त्यांच्या परवानगीने घेतलाय.

ते आता काठी घेऊन चालतात. ऐकू कमी येतं. मी मोठ्याने विचारलं, ‘काका, अकरा वर्षांपूर्वी आमचं मांजर गेलं. तुम्ही त्याला काही घातलं होतं का?’

‘कुठलं मांजर गं?’

मी फोटो पुढे केला. त्यांनी तो हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब.

‘थांब,’ ते म्हणाले, ‘चष्मा आणतो.’

आत गेले. काठीचा आवाज खोलीच्या टोकापर्यंत जाताना ऐकू येत होता. मी दारात उभी होते. समोर कुंड्या होत्या, आता दहा-बाराच असतील. कठड्याला फवारणीचा पंप टेकवून ठेवला होता आणि त्याच्या नळीतून थेंब थेंब खालच्या मातीत पडत होता.